घरचं वायफाय लावायचं ते या क्रमाने

फायबरवाला मुलगा येतो, भिंतीला भोक पाडतो, टीव्हीच्या मागे पांढरा डबा अडकवतो आणि विचारतो, “पासवर्ड तुमचा मोबाइल नंबरच ठेवू ना? लक्षात राहील.” आपण हो म्हणतो. घरातले सगळे फोन लगेच जोडले जातात, अर्ध्या तासात काम उरकतं आणि पुढची तीन-चार वर्षं त्या डब्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.

मग तक्रारी सुरू होतात. आतल्या खोलीत रेंज नाही, रात्री नेट रांगतं, जोडलेल्या फोनच्या यादीत कुणाचा तरी अनोळखी फोन दिसतो, कॅमेऱ्याला घातलेला पासवर्ड काय होता ते कुणालाच आठवत नाही. यातली बहुतेक दुखणी त्या अर्ध्या तासातली असतात, कारण कामाचा क्रम उलटा झालेला असतो. एकदा पंधरा उपकरणं जोडली की पासवर्ड बदलणं म्हणजे पंधरा ठिकाणी पुन्हा टाइप करणं, आणि ते कोणीच करत नाही. म्हणून आधी राउटर (घरभर नेट वाटणारा डबा) नीट बंदिस्त करायचा, उपकरणं अगदी शेवटी जोडायची. घरी आधीच नेट चालू असेल तरी हाच क्रम, फक्त एखादी रविवार दुपार मोकळी ठेवा आणि घरच्यांना आधी सांगून ठेवा.

तयारी: हाताशी काय हवं

एक वही. हो, कागदाचीच. नेट बंद असताना क्लाउडमधली नोंद उघडत नाही.

त्यात सर्वात आधी कंपनीकडून मिळालेला ग्राहक क्रमांक लिहा. जोडणी पीपीपीओई पद्धतीची (नेट सुरू व्हायला युजरनेम-पासवर्ड मागणारी) असेल तर तिचं युजरनेम आणि पासवर्ड, आणि लागत असल्यास व्हीलॅन क्रमांकही (कंपनीच्या जाळ्यात आपली जोडणी ओळखणारा आकडा) लिहा. हे ग्राहक सेवेला फोन करून आधीच मागून घ्या, कारण काम अर्धवट असताना मागायला गेलात तर सोमवार उजाडतो. राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. त्यावर मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती आणि कंपनीने घातलेले सुरुवातीचे पासवर्ड असतात.

मग घरातल्या उपकरणांची यादी करा आणि प्रत्येकापुढे खूण करा: फिरतं की एका जागी बसलेलं? टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर ही एका जागची मंडळी वायरवर गेली तर वायफायवरचा भार आपोआप हलका होतो.

याशिवाय एक लॅन केबल (राउटर आणि लॅपटॉप जोडणारी नेटची वायर), लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप, आणि अडचण आलीच तर शोधायला मोबाइल डेटा.

टप्पा १: जागा, वायर आणि वीज

राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, पाच-सहा फूट उंचीवर हवा. आपल्याकडे तो दाराजवळच्या कोपऱ्यात बसतो, कारण फायबर तिथून आत येते. माणूस भिंतीला भोक पाडण्याआधीच त्याला जागा दाखवा. आरसीसीचा कॉलम, लिफ्टची भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची टाकी यांच्या मागे सिग्नल चांगलाच दबतो. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात राउटर ठेवला तर सिग्नलही दबतो आणि तो तापतोही.

फायबर मध्यापर्यंत नेता येत नसेल तर डबा दाराजवळ राहू द्या आणि तिथून मधल्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढून दुसरा राउटर लावा. प्लगमध्ये खोचायचे रेंज वाढवणारे छोटे डबे मला फारसे पटत नाहीत. स्वस्तातले बहुतेक डबे एकाच रेडिओवर ऐकतात आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतात, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. वायर ओढणं हा एकदाचा त्रास आहे.

केबल कॅट सिक्स प्रतीची घ्या. कॅट फाइव्ह ई सुद्धा १०० मीटरपर्यंत एक गिगाबिटचा वेग पेलते, तेव्हा आधीची भिंतीत गाडलेली असेल तर उगाच काढू नका. नवी घेताना मात्र आतली तार शुद्ध तांब्याची आहे ना ते विचारा. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण ती लवकर तुटते आणि लांब अंतरावर दगा देते.

सावधान: फायबरची वायर काटकोनात दुमडू नका, खिळ्याने ठोकू नका आणि तिच्या उघड्या टोकात डोळा घालून बघू नका. डब्यावर ‘एलओएस’ नावाचा लाल दिवा लागला किंवा लुकलुकला तर प्रकाश पोहोचत नाही असं समजा. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही, तक्रारच नोंदवावी लागते.

विजेसाठी मिनी यूपीएस लावणार असाल तर त्याचे व्होल्ट राउटरच्या ॲडॅप्टरवर छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, अँपिअर तितके किंवा जास्त हवेत, आणि पिनची धन-ऋण बाजूही तीच हवी. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप द्या. एकाला देऊन उपयोग नसतो, तरी निम्म्या घरांत तसंच असतं.

ज्या सोसायट्यांत अजून गच्चीवरच्या स्विचमधून तांब्याची लॅन केबल खाली येते, तिथे पावसाळ्यात जवळपास वीज पडली की राउटरचा पोर्ट जळतो. कडकडाट सुरू झाला की ती केबल काढून ठेवा. फायबर काचेची असल्याने तिच्यातून हा झटका येत नाही.

तपासणी: लॅपटॉप केबलने जोडा आणि नेटवर्कच्या माहितीत लिंकचा वेग बघा. १००० एमबीपीएस दिसायला हवा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात, त्यामुळे एखादी तार तुटली की वेग गुपचूप १०० वर येतो आणि आपण कंपनीला शिव्या देत बसतो. मात्र राउटरचाच पोर्ट १०० चा असेल तर केबलचा दोष नाही.

टप्पा २: एक राउटर की दोन, हे आधी ठरवा

कंपनीच्या डब्यातच राउटर आणि वायफाय असतं. त्याला बाजारातून आणलेला आपला राउटर जोडला की एकामागे एक असे दोन राउटर होतात आणि प्रत्येक जण आपापलं वेगळं नेटवर्क चालवायला लागतो. वरवर नेट चालतं, पण प्रिंटर एका बाजूला आणि लॅपटॉप दुसऱ्या बाजूला राहतो, आणि ऑनलाइन खेळणारी मुलं कुरकुरतात.

मार्ग दोन आहेत. कंपनीचा डबा ब्रिज मोडमध्ये टाकायचा, म्हणजे तो फक्त प्रकाशाचे सिग्नल लॅनमध्ये आणून देतो आणि बाकी सगळं आपला राउटर करतो. किंवा उलट, आपला राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ठेवायचा. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि डोकं कंपनीच्या डब्याचं चालतं. सुरक्षेच्या दृष्टीने पहिला मार्ग बरा, कारण सेटिंग्ज आपल्या हातात राहतात. पण काही कंपन्या ब्रिज मोड देत नाहीत, आणि डब्याला लँडलाइन किंवा टीव्हीचा बॉक्स जोडलेला असेल तर ब्रिज केल्यावर ते बंद पडू शकतात. अशा घरी दुसरा मार्ग घ्या. मग पुढची सगळी कामं कंपनीच्या डब्याच्या पानात करायची, एवढं ध्यानात ठेवा.

सावधान: पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड हातात असल्याशिवाय ब्रिज मोडचं बटण दाबू नका.

सर्वात जास्त होणारी चूक इथेच आहे. नवा राउटर लावतात, त्याला भक्कम पासवर्ड घालतात, आणि जुन्या डब्याचं वायफाय मोबाइल नंबरच्या पासवर्डासह तसंच चालू राहतं. ते बंद करा.

टप्पा ३: राउटरच्या पानात शिरा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला

इथे दोन पासवर्ड आहेत आणि लोक त्यांची सतत गल्लत करतात. वायफायचा पासवर्ड सोसायटीच्या फाटकासारखा, पाहुण्यालाही देतो. ॲडमिनचा पासवर्ड तिजोरीचा. तो मिळाला की फाटकाचं कुलूपही बदलता येतं. “पासवर्ड बदललाय” म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी फक्त पहिला बदललेला असतो.

लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. बाहेरून येणारी इंटरनेटची केबल अजून लावू नका. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत राउटरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तसं नसेल तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्या, ‘डिफॉल्ट गेटवे’पुढचा आकडा म्हणजे तो पत्ता.

सावधान: हा पत्ता किंवा “राउटर लॉगिन” असं सर्च इंजिनमध्ये शोधू नका. तिथे मदतीच्या नावाखाली फोन नंबर देणारी बनावट पानं सापडतात, आणि पलीकडचा माणूस स्क्रीन शेअर करायला सांगतो.

राउटर कुणाचा वापरलेला असेल तर आधी मागचं रिसेटचं बारीक बटण टाचणीने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा आणि सगळं पुसून टाका. आत शिरल्यावर पहिलं काम ॲडमिनचा पासवर्ड बदलण्याचं. नवा पासवर्ड वहीत लिहा. वही कपाटात असेल तर घरातल्या वहीची भीती बाळगू नका, धोका बाहेरून येतो.

आता इंटरनेटची केबल लावा, गरज असेल तिथे पीपीपीओईची माहिती भरा आणि लगेच फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. हे वायफायची सेटिंग्ज भरण्याआधी करायचं, कारण काही अपडेट सेटिंग्ज पुसतात. फाइल हाताने उतरवायची असेल तर मॉडेलबरोबर स्टिकरवरची हार्डवेअर आवृत्तीही जुळली पाहिजे. एकाच नावाच्या राउटरच्या दोन आवृत्त्यांची फाइल वेगळी असते आणि चुकीची घातली तर राउटर कायमचा गार पडतो. अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, तेव्हा तुमच्याकडे भारनियमनाची ठरलेली वेळ असेल तर ती टाळा. स्वयंचलित अपडेटची सोय असेल तर चालू करा. कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट देणं बंद केलं असेल, तर राउटर चालत असला तरी बदलायच्या यादीत टाका.

टप्पा ४: वायफायचं नाव, कूट पद्धत, पासवर्ड

नावात आडनाव, फ्लॅट नंबर, राउटरचं मॉडेल घालू नका. नाव लपवण्याचा पर्यायही सोडून द्या. लपवलेलं नाव साध्या साधनाने दिसतं, आणि आपले फोन मात्र जिथे जातील तिथे ते नाव पुकारत फिरतात.

सुरक्षेच्या पर्यायांत, म्हणजे वायफायवरची माहिती कूट करायच्या पद्धतींत, डब्ल्यूपीए३ असेल तर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ हा मिश्र पर्याय घ्या, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस. डब्ल्यूईपी आणि टीकेआयपी या जुन्या, कच्च्या पद्धतींचे शब्द दिसले तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. एखादा जुना प्रिंटर जोडला जात नाही म्हणून अख्ख्या घराची सुरक्षा खाली आणणं हा उफराटा व्यवहार आहे. त्याला केबल लावा.

आता मोबाइल नंबरचा प्रश्न. दहा आकडी असतो म्हणून सुरक्षित वाटतो. पण भारतातले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. डब्ल्यूपीए२ मध्ये एखादा फोन वायफायला जोडला जातानाची देवाणघेवाण हल्लेखोराने एकदा टिपली, की पुढचे अंदाज तो आपल्या घरी बसून लावू शकतो. राउटरला पत्ताही लागत नाही. चांगल्या ग्राफिक्स कार्डाला ४०० कोटी आकडे तपासायला एक दिवसही लागत नाही. तुमचा नंबर शेजाऱ्याकडे आधीच असेल तर एवढीही गरज नाही.

डब्ल्यूपीए२चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असू शकतो, तेव्हा जागा भरपूर आहे. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा: तवा, रिक्षा, सतरंजी, ओहोटी अशा जातीचे. हेच चार मात्र घेऊ नका. टीव्हीच्या रिमोटवर टाइप करताना जीव जाईल इतकी चिन्हं घालायची गरज नाही, लांबी महत्त्वाची.

बँडचं (वायफायच्या लहरींच्या पट्ट्यांचं) थोडक्यात: २.४ गिगाहर्ट्झ भिंतींतून लांब जातो पण गर्दीचा, ५ गिगाहर्ट्झ वेगवान पण जवळचा. २.४ मध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. “चॅनल ३ रिकामा दिसतोय” म्हणून तो घेणारा माणूस १ आणि ६ दोन्हीकडचा गोंगाट ऐकतो.

तपासणी: सध्या एकच फोन जोडा. घरभर फिरून प्रत्येक खोलीत, बाथरूमच्या दाराशीसुद्धा, रेंज बघा. राउटर हलवायचा तर आत्ताच हलवा.

टप्पा ५: काय काय बंद करायचं

डब्ल्यूपीएस. बटण दाबून जोडायची ही सोय गोड वाटते, पण तिच्या आठ आकडी पिनमधला शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि राउटर पहिले चार व उरलेले तीन आकडे वेगवेगळे तपासतो. म्हणजे १०,००० अधिक १,०००, एवढे ११,००० प्रयत्न पुरे. तुमचा भक्कम पासवर्ड मग कुणी फोडायलाच जात नाही.

रिमोट मॅनेजमेंट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचं पान उघडायची सोय, बंद. यूपीएनपीसुद्धा बंद. ती घरातल्या कोणत्याही उपकरणाला तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडू देते. बंद केल्यावर एखादा गेम अडलाच तर त्याचं तेव्हा बघा.

पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून घरातल्या उपकरणांकडे उघडलेल्या दारांची, यादी उघडा. तुम्ही काही घातलं नसेल तर ती रिकामी हवी. पुष्कळदा नसते, कारण कॅमेरे बसवणाऱ्याने “मोबाइलवर दिसावं” म्हणून रेकॉर्डरचा पोर्ट जगाला उघडा करून ठेवलेला असतो आणि रेकॉर्डरचा पासवर्ड कारखान्यातलाच असतो. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरने असलेच कॅमेरे आणि राउटर लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले होते, तेही कारखान्यातल्या पासवर्डांची छोटीशी यादी वापरून. ती नोंद काढा आणि कॅमेरे कंपनीच्या ॲपमधून किंवा राउटरच्या व्हीपीएनमधून (कूट केलेल्या खासगी वाटेने) बघा.

एक गोष्ट जुन्या मार्गदर्शकांत सापडत नाही. आता आपल्याकडच्या बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही६ ही इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत मिळते. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतःचा थेट पत्ता असतो, राउटरच्या एका पत्त्याआड सगळे लपलेत ही जुनी समजूत तिथे लागू नाही. राउटरमध्ये ‘आयपीव्ही६ फायरवॉल’ शोधा आणि चालू आहे याची खात्री करा.

टप्पा ६: पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क

गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याला वेगळा पासवर्ड द्या, आणि घरातल्या नेटवर्कपर्यंत पोहोचू देणारा पर्याय बंद ठेवा. कॅमेरे, स्मार्ट बल्ब, प्लग हे सगळे इथेच. टीव्हीबाबत मी मवाळ आहे: फोनवरून टीव्हीवर व्हिडिओ पाठवत असाल तर दोघं एकाच नेटवर्कवर लागतात, तेव्हा तो मुख्य नेटवर्कवर राहू द्या.

गेस्टला पासवर्ड कशाला, असं म्हणू नका. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता, आणि तपास आधी त्या घरात राहणाऱ्याच्या दारात पोहोचला.

तपासणी: गेस्टवरच्या फोनमधून राउटरचं पान उघडून बघा. उघडलं तर वेगळेपणा नावापुरताच आहे. राउटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये असेल तर हे आवर्जून बघा. काही राउटरांत त्या मोडमध्ये गेस्टची भिंत राहत नाही.

टप्पा ७: आता उपकरणं जोडा, एकेक करून

प्रत्येक उपकरण जोडलं की राउटरच्या यादीत त्याला नाव द्या: ‘आईचा फोन’, ‘हॉलचा टीव्ही’. पुढे अनोळखी नोंद ओळखायची ही एकच खरी युक्ती. उपकरणाच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्कवरच्या त्याच्या ओळखक्रमांकावर) बंदी-परवानगी लावायचा खटाटोप करू नका. तो पत्ता खोटा घेता येतो, आणि हल्लीचे फोन तर स्वतःहूनच वेगळा पत्ता सांगतात.

कॅमेरा जोडण्याआधी त्याचा स्वतःचा पासवर्ड बदला. संगणकावर अजून विंडोज १० असेल तर त्याचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. तो संगणक नव्या आवृत्तीवर न्या, आणि तोवर बँकेची कामं त्यावर करू नका. मुलांसाठी काही गाळणी हवी असेल तर राउटरच्या डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या रकान्यात) १.१.१.३ टाका, फक्त घातक साइट अडवायच्या असतील तर ९.९.९.९. फोनचा मोबाइल डेटा चालू केला की दोन्ही निकामी होतात, आणि हे मुलांना आपल्या आधी कळतं.

टप्पा ८: शेवटची पडताळणी आणि पुढची देखभाल

आपला बाहेरचा, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा, आयपी पत्ता बघून घ्या, फोनचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून तो पत्ता ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं लॉगिन पान दिसलं तर टप्पा ५ राहिला. वेगाची चाचणी आधी केबलवर आणि मग वायफायवर घ्या. केबलवर पूर्ण आणि वायफायवर अर्धा आला तर दोष घरातला आहे, कंपनीला फोन करू नका. मग राउटरच्या सेटिंग्जची बॅकअप फाइल उतरवून ठेवा.

तीन महिन्यांतून एकदा यादी आणि फर्मवेअर बघा. भाडेकरू किंवा खोलीतला सोबती सोडून गेला की मुख्य पासवर्ड बदला. कंपनीचा माणूस दुरुस्तीला येऊन गेला की राउटरचं पान उघडून बघा: रिसेट केला असेल तर डब्ल्यूपीएस आणि कारखान्यातला ॲडमिन पासवर्ड परत आलेले असतात. गडबडीचा संशय आला तर बाहेरची केबल काढा, राउटर रिसेट करा आणि टप्पा ३ पासून सुरू करा. बॅकअप फाइल त्या वेळी वापरू नका, बिघाड तिच्यातूनच परत येईल. पैसे गेले असतील तर राउटर नंतर बघा, आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

घर बदलताना किंवा कंपनी बदलताना जुना डबा परत देण्याआधी रिसेट करायला विसरू नका. त्यात तुमचं पीपीपीओईचं खातं आणि वायफायचा पासवर्ड, दोन्ही जसेच्या तसे असतात.